मांडवाखालची मान

आमच्या घरातली पहिली पदवी माझी. पण आईच्या चक्करीचं कारण आईनंच शोधलं.

आई अवसरीतल्या बारा बायांच्या टोळीची मुकादम. जुन्नरकडच्या द्राक्षबागांत घडातले जादा मणी कात्रीनं विरळायला ही टोळी जाते. मांडवाच्या बागेत घड डोक्यावर, त्यामुळं दिवसभर मान मागं. मागच्या हंगामात आई दोनदा गरगरून मांडवाखालीच बसली. बागमालक म्हणाला, "मावशी, आता घरी बसा. टोळी दुसऱ्या कुणाला द्या." तिनं वीस वर्षं सांभाळलेली टोळी. तिचं जेवण कमी झालं.

मी मोबाइलवर वाचून सांगितलं, साखर नाहीतर रक्तदाब. बाया म्हणाल्या, उपास सोड.

मंचरला डॉक्टरांनी विचारलं, "चक्कर कधीपासून येते?"

"कधीपासून ते सोडा, कशानं येती ते सांगते," आई म्हणाली. "दिसभर वाकून कांदा लावला तर काय व्हत न्हाई. मान मागं टाकली की आधी मानंत कळ येती, मग जमीन हलल्यावानी वाटतं. मान सरळ केली की थांबतं."

त्यांनी साखर, रक्तदाब, कान, सगळं तपासलं. मग तिची मान हळूच वळवून बघितली. "डोकं कुठं आहे ते मेंदूला डोळे आणि कान सांगतात, तशी मानही सांगते. ती आखडली की निरोप चुकतो, तोल जातो," ते म्हणाले. "माझं निम्मं काम तुम्हीच केलंत, मावशी."

मी हातातला मोबाइल पिशवीत टाकला.

त्यांच्याच दवाखान्यातल्या व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं तसं आई भिंतीवर टिकली लावून नाक तिच्यासमोर धरायची. डोळे मिटून मान वळवायची, परत मधे आणायची. डोळे उघडले की नाक टिकलीपासून चार बोटं बाजूला. "परत," असं स्वतःलाच म्हणायची. एकदा मी करून बघितलं, तर मीही चुकले.

"कालेजात हे शिकवलं न्हाई वाटतं," ती म्हणाली.

दीड-दोन महिन्यांत चूक बोटभर राहिली, चक्करही जवळजवळ थांबली. या हंगामात त्याच मालकाला तिनं स्वतः फोन लावला.

"येते. पण मांडवाखाली आमी अर्धाच दिस. आन् दर ओळीला बाया मान सरळ करून थांबणार."

"अहो मावशी, मग काम कसं उरकायचं?"

"बाई पडल्यावर कसं उरकतं, ते तुमी बघितलंय."

मालक म्हणाला, "गाडी किती वाजता पाठवू?"