उदयोन्मुख मावशी

ऑर्केस्ट्रातले सगळे तिला मावशी म्हणत. ती तिथली सगळ्यांत जुनी, आणि कुणाचं रबर, सेफ्टी पिन, खोकल्याची गोळी असं काही घरी राहिलं की ते हमखास तिच्या पर्समधून निघायचं. दिवसा ती चष्म्याच्या दुकानात, मागच्या खोलीत काचा घासून फ्रेममध्ये बसवायची. संध्याकाळी सभागृहात येऊन व्हायोला वाजवायची.

व्हायोला म्हणजे व्हायोलिनची थोरली बहीण. अंगाने भरलेली, आवाजाने खालची. चाल सांगायची व्हायोलिनने, पाया धरायचा चेलोने, आणि मधली पोकळी भरून काढायची व्हायोलाने. कार्यक्रम संपल्यावर व्हायोलाची ओळ गुणगुणत कुणी घरी जात नाही. त्याबद्दल मावशीची तक्रार नव्हती. निदान ती तसं म्हणायची.

दर उन्हाळ्यात त्या सभागृहात महोत्सव भरायचा. देशोदेशीचे उदयोन्मुख रचनाकार आपापलं नवं संगीत लिहून आणायचे, उदयोन्मुख कंडक्टर हातात काठी घेऊन ते बसवायचे आणि गावचा ऑर्केस्ट्रा ते वाजवायचा. शिकाऊ न्हाव्यापुढे डोकं देऊन बसावं तसं वादक बसायचे. कधी केस छान कापले जायचे, कधी कानाला कात्री लागायची. मावशीने असे कितीतरी उन्हाळे काढले होते. चहाच्या सुट्टीत ती शेजारणीला म्हणायची, "चांगलं लिहिलंय गं पोराने. पण मध्ये जरा थांबायला हवं होतं. श्वासच घेऊ देत नाही."

शेजारीण म्हणजे तिच्याच बाकावर व्हायोला वाजवणारी दातांची डॉक्टर. ती एकदा वैतागून म्हणाली, "मावशी, दरवर्षी तू माझे कान खातेस. एकदा स्वतः लिही आणि मोकळी हो."

मावशी हसली, पण ते तिच्या मनातून जाईना. काच घासायचं मशीन दिवसभर एकाच सुरात घुमायचं, आणि त्या सुरावर ती कधीपासून काहीबाही गुणगुणत आली होती. तिने ते कागदावर उतरवायला सुरुवात केली. लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. दोन हिवाळे त्यात गेले. महोत्सवाच्या नियमांत वयाची अट कुठेच नव्हती. रचनाही नावाशिवाय तपासल्या जायच्या. तिने पाठवून दिली आणि घरी कुणाला सांगितलं नाही.

एके दिवशी दुकानात महोत्सवाच्या संचालकांचा फोन आला.

"मावशी, तुमच्या घरून कुणी रचना पाठवली होती का? मुलगी, भाची वगैरे? निवड झालीय, पण खाली तुमचाच नंबर दिसतोय."

"माझीच आहे," मावशी म्हणाली.

 पलीकडे संचालक एवढ्या मोठ्याने हसले, की तिने फोन कानापासून लांब धरला. "अहो, मग आजपर्यंत गप्प का बसलात?"

चार दिवसांनी निवडीचं पत्र आलं, तेव्हा तिने घरी नवऱ्याला सांगितलं. तो शहरबसचा ड्रायव्हर, नुकताच ड्युटीवरून येऊन पाय पसरून बसला होता. त्याने पत्र दोनदा वाचलं. "उदयोन्मुख," तो म्हणाला. "गुडघ्यांना विचारलंस का?"

"अहो, गुडघ्यांनी नाही लिहिलेलं."

"तसं नाही गं." त्याने पत्र जपून घडी करून खिशात ठेवलं. दुसऱ्या दिवशी डेपोतल्या प्रत्येकाला ते वाचून दाखवलं गेलं, हे तिला नंतर कळलं.

तिची रचना बसवायला जी कंडक्टर आली ती जेमतेम चोवीसची होती. काटकुळी, केसांच्या अंबाड्यात पेन्सिल खोचलेली, आणि सतत घाईत. मावशीने तिला पहिल्याच संध्याकाळी जेवायला बोलावलं. मुलगी दबून बसली होती. नवऱ्याला गप्प बसवेना.

"आमच्या गाडीत कंडक्टर मागे असतो आणि ड्रायव्हर पुढे," तो म्हणाला. "तुमच्याकडे कंडक्टरच पुढे उभा राहतो, तोही रस्त्याकडे पाठ करून. मग गाडी चालवतं कोण?"

मुलीने घास खाली ठेवून खरंच विचार केला. "तेच मला अजून कळलेलं नाही, काका."

पहिल्या तालमीला संचालक म्हणाले, "रचनाकाराने खाली प्रेक्षागृहात बसायचं असतं."

"आणि माझी जागा रिकामी ठेवू? मी वाजवणार," मावशी म्हणाली. तिच्याशी वाद घालायची तिथे कुणाची पद्धत नव्हती.

वाजायला लागलं आणि तिच्या अंगावर काटा आला. आपल्या डोक्यात एकट्याने घुमणारं ते सगळं आता चहूबाजूंनी येत होतं. मधल्या संथ भागात व्हायोलांना चाल दिली होती, चांगली लांबलचक. ती वाजवताना तिचे डोळे भरून आले. मुलगी मात्र सारखी थांबवत होती, कागदात डोकं घालून पुटपुटत होती. सुट्टी झाल्यावर ती मावशीजवळ आली.

"मधला भाग काढून टाकूया का?"

"काढून?"

"तिथे काय चाललंय तेच ऐकू येत नाही."

"मला तर स्वच्छ ऐकू आलं."

"तुम्ही त्याच्या आत बसला होता, मावशी," मुलगी हळू म्हणाली, आणि लगेच घाबरून निघून गेली.

मावशीचा चेहरा उतरला. कालची पोर, घरात जेवून गेलेली, आणि दोन हिवाळ्यांच्या कामावर काट मारायला निघाली! डब्यातली पोळी तिने तशीच परत झाकली. दातांची डॉक्टर शेजारी बसून सफरचंद खात होती. तिने सगळं ऐकलं होतं.

"उद्या तू खाली बस," ती म्हणाली.

"तूही तिच्याच बाजूची?"

"मी कुणाच्याच बाजूची नाही. मलाही आतूनच ऐकू येतं. पण दात दुखतो त्याला वाटतं सगळा जबडाच गेलाय, आणि मला बाहेरून नेमका दात दिसतो. बस खाली. तुझ्या वाट्याचं मी वाजवते. जोरात वाजवते, मग तर झालं?"

दुसऱ्या दिवशी मावशी प्रेक्षागृहात जाऊन बसली. एवढी वर्षं त्या सभागृहात काढून ती खुर्ची तिला परकी वाटली. हात कुठे ठेवावेत कळेना. सुरुवात चांगली झाली. मग मधला भाग आला. व्हायोलांचे गज वर-खाली जाताना तिला दिसले. दातांची डॉक्टर दातओठ खाऊन वाजवत होती. आणि ऐकू काहीच येत नव्हतं. वर व्हायोलिनची नक्षी, बाजूला बासरीची वेलबुट्टी, मागून पितळी हॉर्नचे लांब लांब सूर, खाली ड्रमची गुरगुर. सगळं एकेकटं सुंदर, आणि सगळं मिळून नुसता गलका.

हे कसं झालं ते तिला बसल्या जागी समजलं. ती या सगळ्यांना ओळखत होती. लिहिताना एकेकाचा चेहरा समोर यायचा. हॉर्नवाल्याला काहीच दिलं नाही तर त्याला काय वाटेल, बासरीवाली नुसती बसून राहील, ड्रमवाला बिचारा आधीच कंटाळलेला असतो. पंगतीत आग्रह करकरून वाढावं तसं तिने प्रत्येकाच्या ताटात वाढून ठेवलं होतं. आणि जी ओळ सांगायची म्हणून हे सगळं मांडलं, तीच खाली दबून गेली होती. जन्मभर दुसऱ्यांच्या संगीतात दबलेल्या व्हायोलाला तिने स्वतःच्या संगीतातही दाबून टाकलं होतं. तिला रडू यायच्या ऐवजी हसू आलं.

खालून तिला आणखी एक दिसलं. मुलीची मान एकदाही वर होत नव्हती. काठी बरोबर फिरत होती, पण वादक तिच्याकडे न बघता पुढच्या व्हायोलिनवाल्याकडे बघून वाजवत होते.

तालीम संपल्यावर मुलगी बाहेरच्या पायऱ्यांवर एकटीच बसली होती. मावशी तिच्या शेजारी टेकली.

"तुझं बरोबर होतं. ऐकू येत नाही."

मुलीने चमकून पाहिलं. ती बहुधा बोलणी खायच्या तयारीत बसली होती. "म्हणजे काढायचा तो भाग?"

"काढायचा नाही. मोकळा करायचा. आता मी तुला एक सांगू? रागावणार नाहीस?"

"नाही."

"तू आमच्याकडे बघतच नाहीस."

मुलगी नखांशी चाळा करू लागली. "वर बघितलं की वाटतं, सगळे माझ्या चुका मोजतायत."

"अगं, आम्हाला कुठली सवड! आम्ही आपापली पाळी कधी येते ते मोजत असतो. एक-दोन-तीन-चार, एक-दोन-तीन-चार. मध्येच मोजणी चुकते, धाकधूक होते, आणि नेमकं तेव्हा वर बघावं तर कंडक्टरच्या डोक्याचा भांग दिसतो. तू नुसतं बघ. ये म्हण डोळ्यांनी. माणसाला तेवढं पुरतं."

त्या आठवड्यात जेवणाच्या सुट्टीत दुकानाच्या काउंटरवर कागद पसरून मावशी खोडायला बसली. मालक गिऱ्हाइकांना दुसऱ्या बाजूने घेत होते. व्हायोलिनची नक्षी गेली, ड्रम गेला. ज्याचं खोडायचं त्या माणसाला आधी सांगायचं, असं तिने ठरवलं होतं. हॉर्नवाल्याला फोन केला तर तो म्हणाला, "मावशी, उपकार झाले. तिथे माझा जीव जायची वेळ यायची." बासरीवालीला मात्र लागलं. "माझी तेवढीच एक चांगली जागा होती," ती म्हणाली आणि पुढच्या तालमीत मावशीशी बोलली नाही. मावशीला वाईट वाटलं. तरी तिने खोडलेलं पुन्हा लिहिलं नाही. शेवटी मधल्या भागात उरल्या फक्त व्हायोला, आणि जरा पुढे गेल्यावर त्यांच्याखाली चेलोचा एक धरून ठेवलेला सूर.

कार्यक्रमाच्या दिवशीही मावशी खाली प्रेक्षागृहातच बसली. नवरा ड्युटीवरून थेट गणवेशातच आला आणि तिच्या शेजारी ताठ बसला. मुलगी मंचावर आली. अंबाड्यात आज पेन्सिल नव्हती. काठी उचलायच्या आधी तिने डावीकडून उजवीकडे सगळ्यांवर सावकाश नजर फिरवली, आणि मावशीला वादकांच्या पाठी सरळ होताना दिसल्या.

मधला भाग सुरू झाला. व्हायोलांची चाल एकटी उठली आणि थेट मागच्या भिंतीपर्यंत गेली. तेवढ्यात मुलीने पान उलटलं आणि एकदम दोन पानं उलटली गेली. मावशीने नवऱ्याचा हात घट्ट धरला. मुलीने एक क्षण खाली पाहिलं. मग पानं तशीच सोडून तिने मान वर केली, व्हायोलांकडे वळली आणि त्यांच्याकडेच बघत राहिली, जणू आता तुम्हीच न्या. त्यांनी नेलं. चेलो बरोबर जागेवर आले. प्रेक्षागृहात कुणाला काही कळलंही नाही.

"काय झालं?" नवरा कुजबुजला.

"काही नाही. चांगलं झालं."

टाळ्या भरपूर मिळाल्या, पण सगळ्यांत जास्त नाही. ऑर्केस्ट्राच्या पुढच्या हंगामासाठी एकच रचना निवडायची होती. ती निवडली गेली समुद्रापलीकडून आलेल्या एका तरुणाची. मावशीचंही मत विचारलं असतं तर तिने तीच सांगितली असती. तरी तिला थोडं लागलं, आणि घरी जाताना नवऱ्याने तिची पर्स आपल्या हातात घेतली.

निघायच्या दिवशी मुलगी दुकानातच आली. तिच्या शहरात तिला हौशी वादकांचा एक छोटा गट मिळाला होता. "त्यात व्हायोला वाजवणारे तिघेच आहेत," ती म्हणाली. "पण तुमची ही रचना मला त्यांना शिकवायचीय. नेऊ?"

"तिघं पुरतील," मावशी म्हणाली. "आता आड येणारं कुणी नाही."

हिवाळ्यात मुलीकडून त्या गटाचं रेकॉर्डिंग आलं, ते मावशीने दुकानात लावलं. दुकानाचे मालक कधी कुठल्या मैफलीला गेलेले नव्हते. त्यांनी मशीन बंद करायला लावलं आणि उभ्याउभ्या शेवटपर्यंत ऐकलं. मग चष्मा काढून पुसला आणि विचारलं, "हे तुम्ही या खोलीत बसून केलंत?"

"थोडं इथे, थोडं घरी." मावशीने जरा घसा साफ केला. मनात कधीपासून होतं, ते तिने एकदाचं बोलून टाकलं. "मला आठवड्यातून एक सकाळ सुट्टी हवी होती."

"बरं नाही का?"

"बरं आहे. लिहायचंय. नवीन सुरू केलंय."

मालकांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. "बुधवारी गर्दी कमी असते," ते म्हणाले.

"बुधवार चालेल," मावशी म्हणाली.