मनकर्णाबाईभोवतीचा चंद्र

सुलतानपूरच्या काजलला नववीच्या भूगोलातली एक गोष्ट काही केल्या पटत नव्हती. चंद्राची कायम एकच बाजू आपल्याला दिसते, तरी तो स्वतःभोवती फिरतो म्हणे. कसा काय?

त्या वर्षी बीटी कपाशीतही बोंडअळी शिरली होती. तिचे वडील वामनराव किडकं बोंड हातात घेऊन शेताच्या धुऱ्यावर, बांधावर, बसले होते.

"बाबा, तुमी सूर्य. हलू नका."

"नुसतं बसाचंच हाय नं? जमते."

कापूस वेचणाऱ्या आईला, मनकर्णाबाईला, काजलनं पृथ्वी करून उभं केलं आणि स्वतः चंद्र होऊन, तिच्याकडं तोंड ठेवून, ती तिच्याभोवती चालू लागली.

"काऊन गरगर फिरून राह्यली वं?"

"मी कुठं फिरून राह्यली? माह्यं तोंड तं तुह्याकडंच हाय!"

"अवं, मंघा तुह्यी पाठ लिंबाकडं होती, आता विहिरीकडं हाय. फिरली नाही तं काय झालं?"

काजल थबकली. डोक्यात लख्ख उजेड पडला. आनंदानं तिनं आईला मिठीच मारली.

कित्येक दिवसांनी वामनराव खुदकन हसले. बोंड फेकून ते उठले.

"सरक काजल, आता मी चंद्र."

बायकोकडं टक लावून ते फिरू लागले, तशी मनकर्णाबाईनं लाजून तोंडाला पदर लावला.

"ढेकळं पाहा पायाखालचे," ती म्हणाली. "पडसान!"