एक्का मोठा की लहान

पत्त्यांच्या कारखान्यात तिला सगळे मावशी म्हणत. बावीस वर्षं ती छाननीच्या टेबलावर होती. बावन्न पानांचा कॅट हातात घेऊन फर्रकन उलटला, की एक पान कमी आहे हे डोळ्यांआधी तिच्या अंगठ्याला कळायचं. मग कॅमेऱ्याचं यंत्र आलं. आता बायकांनी कॅट क्रमाने लावून यंत्राच्या तोंडात द्यायचा आणि यंत्राने पुढचं पान मागच्यापेक्षा मोठं आहे ना, हे ताडून बघायचं. चुकलं, की कॅट लाल पेटीत.

बाकीच्या जणींनी यंत्राला शिव्या घातल्या. मावशीने लायब्ररीतून प्रोग्रामिंगचं जाडजूड पुस्तक आणलं. लेक म्हणाली, "आई, चष्म्याचा नंबर वाढेल."

"वाढू दे. अक्कल तरी वाढेल सोबत."

लेकीच्या जुन्या लॅपटॉपवर तिने पत्तेच लिहायला घेतले, कारण दुसरं काही तिला ठाऊक नव्हतं. तीन खेळांचे पत्ते तीनदा वेगवेगळे लिहिले, सगळं तेच तेच. मग ‘किलवर’ची एक चूक तीन ठिकाणी सुधारताना तिचं डोकं फिरलं, आणि त्या तिरीमिरीतच पुस्तकातला वारशाचा धडा तिला कळला. जे सारखं आहे ते आईकडे, म्हणजे मूळ साच्यात, एकदाच ठेवावं; वेगळं असेल तेवढंच मुलीने, म्हणजे त्यातून काढलेल्या साच्याने, स्वतःकडे लिहावं.

एका सोमवारी लाल पेटी दुपारच्या आतच भरून सांडली. मॅनेजर तरातरा खाली आला. "पाच जणी उद्यापासून टेबलावर नकोत. कॅट लावायची अक्कल नाही यांना." त्या पाचांत मावशीची धाकटी जाऊ होती. ती खाली मान घालून उभी राहिली.

"चोर सोडून संन्याशाला फाशी," मावशी म्हणाली. "आधी पेटी बघू द्या, साहेब."

ती फरशीवर बसली आणि चाळीस कॅट तिने उलटून पाहिले. एकही पान इकडचं तिकडे नव्हतं. पण प्रत्येक कॅट यंत्राने क्रमाने दुसऱ्या पानावरच अडवला होता. आधी एक्का, मग दुर्री. म्हणजे यंत्राला एक्क्यानंतर दुर्री चालतच नव्हती.

ती सरळ इंजिनियरच्या केबिनमध्ये घुसली. मागे मॅनेजर. "शनिवारी नवा माल आला ना? राजाच्या वर एक्का असलेला?"

"आला. मग?" इंजिनियरने मान वर केली नाही.

"त्याच्यासाठी एक्का कुठे मोठा केलात?"

"पत्त्याच्या मूळ क्लासमध्ये. मावशी, क्लास म्हणजे काय माहीत आहे का?"

"आई," ती म्हणाली. "एका मुलीच्या घरी जेवणाची वेळ बदलली, म्हणून तुम्ही आईचं घड्याळ पुढे केलंत. आता बाकीच्या मुली उपाशी. जुन्या कॅटात एक्का लहानच असतो."

इंजिनियरचे हात कळफलकावर थांबले.

"आईला होती तशी करा. नंबर, रंग, तुलना, सगळं तिच्याकडे राहू दे. नव्या मालाची मुलगी काढा. तिने आईकडून सगळं घ्यायचं, फक्त तुलना स्वतःची लिहायची. आणि तुलनेच्या आधी विचारायचं, दोन्ही पानं एकाच खेळाची आहेत ना? नसतील तर लहानमोठं ठरवायचंच नाही."

"पुस्तकातलं पाठ केलंय," तो मॅनेजरकडे बघून हसला.

"मग चालवून बघा. पुस्तक हरलं तर मी हरले."

त्याने कुरकुरत बदल केला, जेमतेम दहा ओळींचा. मग तो खाली यंत्रापाशी येऊन तिथल्या संगणकासमोरच्या खुर्चीवर बसला, आणि मावशीने लाल पेटीतले चाळीस कॅट एकामागून एक यंत्रात सोडले. चाळीसही हिरवे. मग नव्या मालाचे वीस, तेही हिरवे. तेवढ्यात इंजिनियरने तिची पाठ वळलेली बघून जुन्या कॅटात नव्या मालाची इस्पिकची राणी सारली. यंत्राने पानाच्या पाठीवरची नक्षी पाहिली, ते थांबलं, आणि मावशीसमोरच्या यंत्राच्या पडद्यावर ओळ उमटली: इस्पिक राणी, दोन वेगळ्या खेळांचे पत्ते, तुलना नाही.

"ही राणी कुणाची?" मावशीने न वळताच विचारलं.

"माझी," इंजिनियर म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. मग तो स्वतःहून खुर्चीवरून उठला. "मावशी, पुढच्या आठवड्यात सत्तीपासून सुरू होणारा छोटा कॅट येतोय. त्याची मुलगी तुम्ही लिहाल?"

शिकल्यासवरल्या माणसाला असं उठताना त्या कारखान्याने पहिल्यांदा पाहिलं. ती मात्र बसली नाही.

"लिहीन. पण आधी साहेबांनी लिहायचं. पाच जणी टेबलावर कायम, चूक यंत्राची होती, खाली सही."

मॅनेजरने पेन शोधलं, सापडेना. मावशीने कानामागचं काढून दिलं. सही झालेला कागद जावेने दोनदा वाचला आणि छाननीच्या टेबलाच्या वर, सगळ्यांना दिसेल असा चिकटवला. मग मावशी खुर्चीवर टेकली, चष्मा पुसला आणि पहिली ओळ लिहायला घेतली.