बंद शटर आणि चॉकलेटी गंज

तिसऱ्या मजल्यावरची मावशी भर दुपारी खालच्या वेल्डरच्या दुकानात शिरते आणि मागोमाग शटर खाली येतं, ही बातमी आमच्या इमारतीत लिफ्टच्या आधी वर पोचली. एक नाही, सलग तीन दुपारी. पहिल्या मजल्यावरच्या वहिनी म्हणाल्या, "तोंडाने ताई-दादा, आणि शटर खाली!" वेल्डर विधुर, मावशीचा नवरा महिन्यातले वीस दिवस फिरतीवर. अशा बातमीला वरून मीठमसाला लागत नाही, तरी चिमूटभर मीही घातला. खोटं कशाला बोलू?

मावशी हे तिचं ऑफिसातलं नाव. बाकीची टोळी पंचविशीची, ही सेहेचाळीसची. अठरा वर्षं फोटो स्टुडिओत बसून तिने लोकांच्या चेहऱ्यांवरचे डाग पुसले. स्टुडिओ बंद पडला, तेव्हा बाई डाग पाडायला शिकली. व्हिडिओ गेममधल्या भिंतींना ओल आणायची, फरशीवर ओरखडे काढायचे, लोखंडावर गंज चढवायचा. हे ब्रशने होत नाही. पडद्यावर छोट्या छोट्या चौकटी असतात, त्यांना नोड म्हणतात. एकीत रंग, दुसरीत खडबडीतपणा, तिसरीत कुठे किती झिजलंय ते. चौकटी तारांनी एकमेकींना जोडत जायचं, की शेवटच्या चौकटीतून लोखंड बाहेर पडतं. तिच्या सासूबाईंनी एकदा घरी मागे उभं राहून ते जाळं बघितलं आणि म्हणाल्या, "लोकर गुंतलीय गं तुझी."

कामावर तिला तीन महिन्यांच्या बोलीने घेतलं होतं. परीक्षा म्हणून दिला बुडालेल्या जहाजाचा एक दरवाजा. शुक्रवारी तो पसंत पडला तर नोकरी पक्की, नाही पडला तर घरी. सोमवारी तिचा साहेब, वय वर्षं अठ्ठावीस, पडद्यासमोर वाकला.

"मावशी, हे लोखंड नाही वाटत. चॉकलेट वाटतंय."

"चाखून बघितलंत का साहेब?"

"चमक बघा ना त्याची. गंज असा चमकतो का?"

तोंडाने हरली नाही, पण आतून बाई हबकली. मळाची चौकट लावली, मिठाची लावली, शेवाळाची लावली. संध्याकाळपर्यंत एकशे चाळीस चौकटी झाल्या. दरवाजा आणखीच चॉकलेटी दिसायला लागला आणि त्याच्यासमोर आलं की गेम दम लागल्यासारखा अडखळायला लागला. शेजारची पोरगी म्हणाली, "मावशी, हा दरवाजा आहे की सरकारी खातं?"

मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत डबा न उघडता मावशी वेल्डरकडे गेली. ऑफिस दोनच गल्ल्या पलीकडे.

"दादा, तुमच्याकडचं सगळ्यात वाईट लोखंड दाखवा."

"ताई, आजवर सगळ्यांनी चांगलंच मागितलं हो." माणूस इतका खूश झाला, की पोटमाळा उपसला त्याने.

पत्रा त्याने धरायचा, टॉर्च हिने तिरका मारायचा. पहिल्या दिवशी तारेच्या ब्रशने घासलेलं लोखंड, दुसऱ्या दिवशी रंगाचे पोपडे सुटलेलं, तिसऱ्या दिवशी नुसता गंज. "हे बघा ताई," वेल्डर पत्रा कलता करत म्हणाला, "घासलेल्यावर उजेड घसरतो. गंजावर बसकण मारतो." मावशीने टॉर्च सगळीकडून मारला. गंज काही केल्या चमकेना. पण खडबडीतपणाचा आकडा तर तिने असाच मंद भरला होता! मग तो वाटेत बदलत कुठे होता?

इथे मी बाईला मानलं. ऑफिसात परत येऊन तिने एकशे चाळीसच्या एकशे चाळीस चौकटी पुसल्या. उद्या शुक्रवार, आणि हिच्या पडद्यावर दोन साधे चेंडू! एका चेंडूला खडबडीतपणाचा आकडा हाताने दिला, तो गंजासारखा मंद दिसला. दुसऱ्याला तोच आकडा दरवाज्यासाठी केलेल्या करड्या चित्रातून दिला, तो चकचकीत. म्हणजे घोळ चित्रात. त्या चित्रातला करडेपणा म्हणजे निव्वळ मोजमाप होतं, कुठे किती खडबडीत ते सांगणारं. पण चित्रापुढच्या "हा रंग आहे" या चौकोनात बरोबरची खूण तशीच राहिलेली. यंत्र बिचारं त्याला रंग समजून गडद करत होतं, आणि गडद म्हणजे गुळगुळीत. अठरा वर्षं फोटोंत काढलेली बाई ती; तिच्या लेखी प्रत्येक चित्र रंगाचंच. ती खूण खटकणार कशी?

खूण काढली. दरवाजा नव्याने उभा केला, फक्त एकोणीस चौकटींत. दुसरं कुणी असतं तर आधीच्या एकशे चाळीसांना कवटाळून रडत बसलं असतं.

शुक्रवारी साहेबाने पडद्यावरच्या दरवाज्यावरून बोट फिरवलं आणि मग ते बोट निरखून पाहिलं.

"आधी चुकलं कुठे होतं, मावशी?"

यंत्राच्या नावाने खडे फोडायची सोय होती. ती सगळ्यांदेखत म्हणाली, "माझंच चुकलं. खूण काढायची राहिली होती."

"बरं. सोमवारपासून तुमच्या खुर्चीवर नाव लावून घ्या."

पेढे द्यायला आली तेव्हा आम्ही जिन्यातच गाठलं तिला. वहिनींना राहवेना. "सगळं खरं गं बाई, पण शटर कशाला ओढायचं?"

वेल्डरचं दुकान पश्चिमेकडे तोंड करून आहे. दुपारी ऊन थेट आत येतं. उन्हात टॉर्चचा उजेड लोखंडावर दिसत नाही, म्हणून शटर ओढलं होतं.