शुभदाताई आणि त्यांनी मागे घेतलेले पान

शुभदाताई लेले यांची पहिली भेट खराडीतल्या आमच्या कचेरीत, माझ्या मुलाखतीत झाली. मी यवतमाळहून नुकताच पुण्यात आलो होतो. ताईंनी एकही प्रश्न विचारला नाही. संगणकासमोर बसवले, हातात एक छापील पान दिले आणि म्हणाल्या, "यात लिहिलंय तसं करा." मला विषय येत होता, त्यामुळे दोन सूचना गाळून मी काम झटपट उरकले.

"तुम्ही हुशार आहात हे कळलं," त्या म्हणाल्या. "आता ज्याला यातलं काही येत नाही आणि ज्याचा साहेब मागे उभा आहे, अशा माणसासारखं वाचा."

दुसऱ्यांदा वाचताना मी प्रत्येक ओळीवर अडखळू लागलो. तेव्हा कुठे ताईंनी मान हलवली. नोकरी मिळाली.

ताईंच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथाचे सगळेच वाचक आमच्या क्षेत्रातले नाहीत, म्हणून त्यांचे काम थोडक्यात सांगतो. आमची कंपनी फायली जपणारे एक सॉफ्टवेअर बनवते. एकच फाइल वेगवेगळ्या ठिकाणच्या सर्व्हरवर ठेवायची आणि तिच्यात बदल झाला तरी आधीचे व्हर्जन हाताशी राहू द्यायचे, हे त्याचे काम. ते कसे वापरावे, बिघडले तर काय करावे, याची शेकडो पाने ताईंनी लिहिली आणि सॉफ्टवेअर बदलले की पुन्हा लिहिली. प्रत्येक पानाखाली लिहिणाऱ्याचे नाव असलेच पाहिजे, हा त्यांचा आग्रह. दुसरा आग्रह तालमीचा. नवे व्हर्जन बाहेर जाण्यापूर्वी प्रत्येक पान चाचणीच्या सर्व्हरवर अक्षरशः करून बघायचे. इतर विभागांत यावर विनोद होत. ताई हसत नसत. "लोक आपलं पान केव्हा उघडतात? सगळं ठीक असताना नाही," एवढेच म्हणत.

एका उन्हाळ्यात नवे व्हर्जन घाईने बाहेर गेले. तालीम नंतर करा, असा वरून निरोप आला. ताईंनी विरोध केला, पण शेवटी मान्य केले. व्हर्जन गेल्यावर आम्ही तालमीला बसलो आणि 'बंद पडलेला सर्व्हर बदलणे' हे पान माझ्या वाट्याला आले. पहिली सूचना होती जागा करण्यासाठी फायलींची जुनी व्हर्जन पुसण्याची. दुसरी, नव्या रिकाम्या सर्व्हरवर सिंकची (सगळे सर्व्हर सारखे करण्याची) कमांड देण्याची, म्हणजे बाकीच्या सर्व्हरवरच्या फायली त्यावर उतरतील. मी चाचणीच्या नव्या सर्व्हरवरून कमांड दिली. नवा सर्व्हर रिकामाच राहिला. उलट भरलेल्या सर्व्हरवरचा फायलींचा आकडा खाली येऊ लागला.

प्रोग्रामरांनी कमांडचा अर्थ बदलला होता. आता ज्या सर्व्हरवरून ती दिली, तोच खरा मानला जाई आणि बाकीचे त्याच्यासारखे केले जात. रिकाम्यावरून दिली तर सगळेच रिकामे. फायलींची जुनी व्हर्जन तर आमच्या पानाने आधीच पुसायला लावलेली.

मी ताईंना हाक मारली. त्या मागे येऊन उभ्या राहिल्या. आकडा शून्यावर जाईपर्यंत बघत राहिल्या.

"हे पान बाहेर गेलंय," त्या म्हणाल्या. तो प्रश्न नव्हता.

पान तत्काळ मागे घ्यायचे त्यांनी ठरवले. विभागप्रमुख धावत आले. "ताई, जरा थांबा. वकिलांशी बोलून शब्द ठरवू या. चूक झाली असं लेखी देणं बरं नाही."

"शब्द ठरवण्याचा पगार मलाच मिळतो," ताई म्हणाल्या आणि त्यांच्यासमोरच टाइप केले: 'थांबा. हे पान चुकीचे आहे. सिंकची कमांड देऊ नका.' खाली स्वतःचे नाव.

पण ज्यांनी पान आधीच उघडले होते त्यांचे काय? मदतकक्षाकडून कळले, की एका जिल्ह्याच्या गावातल्या कर्करोग रुग्णालयात त्याच दिवशी सर्व्हर बदलणे चालू आहे. तिथे रुग्णांचे स्कॅन आणि कुणाला कुठे किती किरण द्यायचे याचे आराखडे आमच्या सॉफ्टवेअरमध्ये होते. तिथल्या तंत्रज्ञांचा मोबाइल लागेना. ताईंनी स्वागतकक्षाला फोन लावला.

"सर आत सर्व्हरच्या खोलीत आहेत, तिथे रेंज नाही," पलीकडच्या बाई म्हणाल्या. "मला काउंटर सोडता येत नाही हो."

"अहो, आपण आत्ता उठा. मी हात जोडते. लोक थांबतील, ते मशिन थांबणार नाही."

रिसीव्हर टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. मग आम्ही रुग्णालय ऐकत राहिलो. कुणी तरी खोकत होते. एक बाई विचारत होती, "आमचा नंबर कधी लागंल?" असा किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही.

शेवटी त्याच लाइनवरचा दुसरा, बिनतारी फोन घेऊन तंत्रज्ञ त्या खोलीच्या दारात आले.

"सिंक दिलीत का?" ताईंनी विचारले.

"हो, चालू आहे."

"नव्या सर्व्हरची नेटवर्कची वायर काढा. आत्ता."

"मॅडम, पानावर ठळक लिहिलंय, मध्ये थांबवू नका. आपण कोण बोलताय?"

"पानाखाली नाव आहे ते वाचा."

"शुभदा लेले."

"मीच ती. मी चुकीचं लिहिलंय. वायर काढा!"

वायर निघाली. ताई खाली बसल्या.

बहुतेक सगळ्या फायली वाचल्या. अलीकडच्या काही रुग्णांचे स्कॅन मात्र कायमचे गेले आणि त्यांना पुन्हा बोलवावे लागले. ताई स्वतः त्या गावी गेल्या. मला बरोबर नेले. कंपनीने त्यांना पाठवले नव्हते. बाकावर बसलेल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांसमोर उभ्या राहून त्या म्हणाल्या, "माझ्या चुकीमुळे तुमची तपासणी पुन्हा करावी लागतेय."

"त्या नळीत पुन्यांदा जायाचं म्हंजी लई भ्या वाटतंय बघा," ते म्हणाले. "तुमी हाय का हितं, ते हुईस्तवर?"

"आहे," ताई म्हणाल्या, आणि त्यांची तपासणी होईपर्यंत खोलीच्या दाराशी उभ्या राहिल्या.

त्यानंतर तालमीशिवाय एकही पान बाहेर गेले नाही. विभागप्रमुखांनीही कधी घाई केली नाही. पण ताई बदलल्या. विश्रांतवाडीच्या घरी रविवारी जेवायला बोलवत, तेव्हाही बोलता बोलता गप्प होत. कुठले पान डोक्यात आहे, हे आम्ही विचारत नसू.

त्यांच्या मायेविषयी एकच सांगतो. माझ्या वडिलांना प्राणवायूच्या यंत्रासह घरी सोडले तेव्हा यवतमाळला आई एकटी होती आणि त्या यंत्राला हात लावायला घाबरत होती. ताईंनी तिच्यासाठी एक पान लिहिले. पहिली ओळ होती, 'आधी त्यांच्याकडे बघा, मग यंत्राकडे.' मग फोनवर आईकडून प्रत्येक गोष्ट करवून घेतली, पुनःपुन्हा. "काकू, चुकलं तर आत्ता चुकू दे. मी आहे," म्हणत राहिल्या. वडील त्यानंतर बराच काळ आमच्यात होते.

आता ताई निवृत्त होत आहेत. परवा आमच्यातल्या एका नव्या मुलीने त्यांना विचारले, "ताई, आपण लिहिलेलं कुणाच्या तरी जिवावर बेतेल ही भीती कधी जाते हो?"

"मला काय विचारता," ताई म्हणाल्या. "माझी अजून गेलेली नाही."

ताई, आपल्याला दीर्घ आयुष्य लाभो, प्रकृती ठणठणीत राहो. रविवारी जेवताना आपण पुन्हा मनमोकळे बोलावे, ही आम्हा सर्वांची इच्छा. इतकी वर्षे ती भीती आपण एकट्यांनी वाहिलीत. आता ती आमच्याकडे सोपवा. आम्ही ती हरवू देणार नाही.