सरांची रविवारची बैठक

निवृत्त झाल्यानंतर सरांचा पहिल्यांदाच फोन आला. रविवारी जामबागेतल्या घरी ये, महत्त्वाचं बोलायचंय, एवढंच म्हणाले. बाजार खुला झाल्यावर सिकंदराबादच्या रेल्वे वसाहतीतली घरं काय काय विकत घेऊ लागली, यावर मी त्यांच्या हाताखाली पीएचडी केली होती. त्याचंच आता पुस्तक निघणार होतं. प्रस्तावनेबद्दल बोलायचं असेल असं समजून मी सगळं बाड पिशवीत घालून गेले.

दारात चपलांचा ढीग. आत भाड्याच्या खुर्च्या मांडलेल्या, आणि फळ्याजवळ सर उभे, टाय लावून. जन्मभर खादीचा झब्बा घातलेला माणूस. टीपॉयवर भांडी घासायच्या साबणाच्या बाटल्या, टूथपेस्टी. एकाने आणखी माणसं जोडली की कमिशन कसं चढत जातं, ते सर खडूने वर्तुळं काढून समजावत होते. ज्या आवाजात आम्हाला वर्गसंघर्ष शिकवला, तोच आवाज. मी मागच्या खुर्चीत बसून राहिले.

लोक गेल्यावर काकू चहा घेऊन आल्या. "निवृत्तीनंतर दारावरची बेल वाजायचीच बंद झाली होती," त्या हळूच म्हणाल्या. "आता माणसं येतात."

सरांनी बाड उघडलंसुद्धा नाही. म्हणाले, "त्या वसाहतीतल्या बायका तुझ्या शब्दाबाहेर नाहीत. चार घरी माझी ओळख करून दे."

"सर, ज्यांच्या घरी प्रश्न विचारले त्यांची नावंही कुणाला सांगायची नाहीत, हे तुम्हीच शिकवलंत."

ते नुसते हसले. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं.

महिन्याभराने वसाहतीत गेले, तर एका गँगमनच्या बायकोने मोरीतली तीच बाटली दाखवली. पूर्वी एकदा सर माझ्याबरोबर तिच्याकडे आले होते. घर त्यांना माहीत होतं.

"आपके सर आए थे," ती म्हणाली. "आपकेच काम का है समझ के ले ली मैं."

माझ्या अभ्यासाशी याचा काही संबंध नाही, असं मी तिला परत परत सांगितलं. तिने ऐकून घेतलं, पण आत येऊन बसा म्हणाली नाही. शेजारच्या घरांतही तेच. परतताना बसमध्ये मला रडूही येईना.

पुस्तक निघालं. अर्पणपत्रिकेतलं सरांचं नाव मी काढलं नाही. का, ते आजही नीट सांगता येत नाही. प्रत द्यायला गेले तेव्हा सर बैठकीला बाहेर गेले होते. काकूंनी ती ठेवून घेतली आणि मला जेवायला थांबवलं.