तीनदा पढलेला कलमा

मुसलमान झाल्यावर तिसऱ्याच शुक्रवारी मी भर मशिदीत मोठ्यानं 'आमीन' म्हणालो आणि माझ्या दोन्ही बाजूंची माणसं आखडली. नमाजात फातिहाचा पाठ संपला की आमीन म्हणायचं, एवढं मला ठाऊक होतं. ते ओठातल्या ओठात म्हणायचं की सगळ्यांना ऐकू जाईल असं, यावरून माणसं एकमेकांच्या मशिदीत पाय ठेवत नाहीत, हे ठाऊक नव्हतं. नमाज मी मोबाइलवर बघून शिकलो होतो. हात बांधायचे एकाकडून घेतले, बोट हलवायचं दुसऱ्याकडून आणि आमीन तिसऱ्याकडून. नमाज झाल्यावर मेंदी लावलेल्या दाढीचे एक गृहस्थ माझ्याकडे सरकले.

"तुमकू कौन सिकाया?"

मी खरं ते सांगितलं, मोबाइलनं. ते हसले नाहीत. "नये हो, इसलिए बोल रा हूं. हमारी मस्जिद में ये नै चलता."

मी मान डोलावली. घरी येऊन मात्र 'हमारी' हा शब्द डोक्यातून जाईना. मशीद अल्लाहची असते, असं मला कलमा पढवणाऱ्यांनी सांगितलं होतं.

मी मूळचा शिरूर अनंतपाळजवळच्या एका गावचा, लिंगायत वाण्याच्या घरचा. घरात किराणा दुकान, कपाळावर विभूती, गळ्यात इष्टलिंग. बाप मला आठवतसुद्धा नाही. थोरल्या भावानं दुकान सांभाळलं आणि मी नांदेडला येऊन पाण्याच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरायला शिकलो. ज्यांच्या हाताखाली शिकलो ते उस्ताद मुसलमान. त्यांनी माझ्यापाशी धर्माबद्दल कधी चकार शब्द काढला नाही. दुपारी शटर अर्धं खाली ओढून ते नमाजला जायचे. एकदा त्यांचा मोबाइल द्यायला मागोमाग गेलो आणि दाराबाहेर चपलांपाशी उभा राहिलो. आत आमच्या गल्लीतला भंगारवाला आणि एक नावाजलेले डॉक्टर खांद्याला खांदा लावून उभे होते. आमच्या गावात देवळाच्या पंगतीत कोण कुठं बसलंय यावरून कोण कोण आहे ते कळायचं. मला ती सरळ ओळ आवडली. दोन वर्षं विचार केला आणि कलमा पढलो. मुलगी नव्हती, पैसा नव्हता. लोकांना या दोनपैकी एक कारण हवं असतं. माझ्यापाशी दोन्ही नाही, म्हणून मी त्यांना आणखीच लबाड वाटतो.

भावानं घर बंद केलं. माय तेवढी बोलत राहिली. तिनं पहिल्याच फोनवर विचारलं, "जेवलास का रं?" मग म्हणाली, "म्या गेल्यावर तुज्या देवापाशी माज्यासाठी मागशील न्हवं?"

"हाव माय," मी म्हणालो. इतकं सोपं वाटलं ते मला. आपली माय, आपला देव, मागायला काय लागतं?

घरोघरी मातीच्या चुली हे लहानपणापासून ऐकलेलं, पण देवाच्या घरीही त्याच असतील असं वाटलं नव्हतं. माझ्या खोलीपासून चालत जाण्याच्या अंतरावर तीन मशिदी होत्या. एक दर्ग्याला मानणाऱ्यांची, उस्तादांची. पुलापलीकडची, गावोगाव धर्म सांगत फिरणाऱ्या तबलीग जमातवाल्यांची. भाजी बाजाराजवळची, दर्गे न मानणाऱ्या अहले हदीसची. तिन्हीकडं मला बघून लोकांचे डोळे भरून यायचे, ते मिठ्या मारायचे, खजूर द्यायचे. आणि तिन्हीकडं तेच: अल्लाहनं तुम्हाला वाचवलं, पण तुम्ही आलात चुकीच्या दारानं.

पुलापलीकडच्या मौलानांनी विचारलं, कलमा कुणाच्या हातावर पढलात. मी सांगितलं. त्यांनी दाढीवरून हात फिरवला. मग म्हणाले, त्या दर्गेवाल्यांचंच ईमान कच्चं, एहतियात म्हणून, खबरदारी म्हणून पुन्हा पढून घ्या, तुमचं जातंय काय? पढलो. वर्षभरानं भाजी बाजाराजवळच्यांनी तसंच सांगितलं. तिथंही पढलो. माणूस एकदा जन्मतो, एकदा मरतो. मुसलमान मात्र मी तीनदा झालो. जे जन्मानं असतात त्यांना हे कुणी विचारत नाही. त्यांच्या आमीनमध्ये कमीजास्त झालं तर ती चूक, माझ्यात झालं तर संशय.

मला राग येत होता, पण मी त्यात बुडालोही होतो, हे कबूल केलं पाहिजे. हात बेंबीखाली की छातीवर? रुकूसाठी वाकताना हात उचलायचे की नाही? ताटावर फातिहा दिलेलं जेवण खायचं की नाही? रात्रंदिवस तेच व्हिडिओ. एकदा उस्तादांच्या घरी चाचींनी मलिद्याची वाटी पुढं केली. कुण्या पिराच्या नावाची नियाज होती, प्रसादासारखी. मी म्हणालो, "चाची, मैं नै खाता ये." चाचींनी वाटी मागं घेतली. उस्ताद जेवत होते, ते जेवत राहिले. दुसऱ्या दिवसापासून ते मला 'बेटा' म्हणायचे थांबले. ज्या माणसाच्या मागोमाग मी या धर्मात आलो, त्यालाच मी मनातून धर्माबाहेर काढलं, आणि तेव्हा मला आपण फार पक्के झालो असं वाटत होतं.

चौथ्या वर्षी मायचं दुखणं निघालं. नांदेडला दाखवायचं ठरलं, आणि दवाखान्याजवळ खोली माझीच. भावानं तिला बसमध्ये बसवून दिलं आणि मला फोन केला नाही. ती दीड महिना राहिली. तिला पहाटेच जाग यायची. ती मला हलवायची, "ऊठ रं, तुजी बांग झाली." मी वुजू करून, हातपाय धुऊन यायच्या आत तिनं माझी चटई अंथरलेली असायची. दिशा तिला पाठ झाली होती, खिडकीच्या बाजूनं थोडी तिरपी. मी नमाज पढायचो आणि ती कॉटवर बसून डाव्या तळहातावर लिंग घेऊन पूजा करायची. आम्ही दोघं एकाच खोलीत, दोघांचेही ओठ हलायचे. आयुष्यात मला देव जवळ वाटला असेल तर तो त्या पंधरा-वीस मिनिटांत.

पण मशिदीतले एक जण मला बोलवायला म्हणून आले आणि त्यांनी ते बघितलं. बाहेर नेऊन सांगितलं, जिथं हे चालतं तिथं नमाज कशी होईल? मी आत येऊन मायला म्हणालो, "माय, तुझी पूजा तू स्वयंपाकघरात करत जा." तिनं कारण विचारलं नाही. "बरं," म्हणाली. उरलेले दिवस ती गॅसच्या टाकीशेजारी, भिंतीकडं तोंड करून बसायची. पहाटे मला उठवायचं मात्र तिनं सोडलं नाही.

ती गावी परतली आणि पाच महिन्यांनी भावाचा फोन आला. "माय गेली. यायचं तर ये. पर टोपी घालून यू नको."

अहमदपूरवरून बस बदलून पोहोचलो तेव्हा तिला बसवलेलं होतं. आमच्याकडं माणसाला बसवूनच पुरतात, लिंग हातात देऊन, विभूती लावून. ती नेहमीसारखीच वाटत होती, कुणाची तरी वाट बघत बसल्यासारखी. मी ओळीत शेवटी होतो. एका म्हाताऱ्या चुलत्यानं भावाकडं न बघता मला पुढं ढकललं, "दे रं माती. माय हाय तुजी." मी मूठ भरली. काहीतरी म्हणायचं असतं. जुनं तोंडात येईना, कारण ते म्हणणं आता पाप होतं. नवं म्हणावं तर ते या जागी म्हणायचं की नाही, आणि कोणत्या मशिदीच्या हिशेबानं, तेच कळेना. मी मुकाट्यानं माती टाकली आणि बाजूला झालो. स्वतःच्या मायच्या खड्ड्यावर उभा राहून मी धर्मनियमाचा मसला सोडवत होतो. याची मला जी लाज वाटते ती कोणत्याच धर्मात धुऊन निघणार नाही.

नांदेडला आल्यावर मी आधी उस्तादांच्या मशिदीत गेलो. मौलाना ओळखत होते, पण मी त्यांची मशीद सोडल्याला दोन वर्षं झाली होती. तरी त्यांनी जवळ बसवलं. मी विचारलं, आई ईमानाशिवाय गेली, तिच्या माफीसाठी मी दुआ मागू शकतो का? त्यांनी माझा हात हातात घेतला आणि नाही म्हणून सांगितलं.

मला वाटलं, ठीक आहे, हे यांचं मत. पुलापलीकडं गेलो. तिथंही नाही. तिथून चालत चालत भाजी बाजारापर्यंत आलो. ज्या फाटाफुटीला मी चार वर्षं शिव्या घातल्या, तिच्यातच आता एखादी फट शोधत होतो. मायपुरती एक फट. जे ताटावरून भांडतात, बोट हलवण्यावरून भांडतात, चंद्र दिसला की नाही यावरून भांडतात, त्यांच्यातला कुणीतरी एक जण इथंही वेगळं बोलेल, अशी मला खात्रीच होती.

भाजी बाजाराजवळचे मौलाना वयानं माझ्याएवढेच. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. माय मला पहाटे उठवायची, हेही मी सांगितलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला बोलू? मग त्यांनी मान हलवली. नाही.

आयुष्यात पहिल्यांदा तिन्ही मशिदी एका ओळीत उभ्या राहिल्या.

मी म्हणालो, "मौलाना, नमाजाच्या शेवटी सलाम फेरण्याआधी मी जी दुआ म्हणतो, तिच्यात आईबापाची माफी आहेच की. चार वर्षं म्हणतोय." ते म्हणाले, ती इब्राहीम पैगंबरांची दुआ, आणि बाप ईमान आणणार नाही हे कळल्यावर खुद्द त्यांनीही आपल्या बापासाठी मागणं थांबवलं होतं. मग हळू आवाजात त्यांनी विचारलं, "वालिदा जिंदा थे, तब हिदायत की दुआ किए थे ना? वो तो जायज थी."

ती जिवंत असताना, तिला खरी वाट दिसू दे, असं मागता येत होतं. दीड महिना ती माझ्या खोलीत होती, माझ्या चटईपासून दोन हातांवर. त्या दीड महिन्यात मी हात छातीवर बांधायचे की खाली, याचे व्हिडिओ बघत होतो. मायसाठी एकदाही हात वर केले नाहीत. सावकाश मागू, असं वाटत होतं. आणि खरं सांगायचं तर, तेव्हा ती मला नमाजातली अडचण वाटत होती.

मौलानांनी एका चिठ्ठीवर दुसरी दुआ देवनागरीत लिहून दिली. म्हणाले, त्या दुआऐवजी ही म्हणत चला, हीसुद्धा सही आहे, तुमच्या दिलावर ओझं राहणार नाही.

तेवढ्यात असरची, दुपार कलल्यावरच्या नमाजाची वेळ झाली. मी तिथंच सगळ्यांबरोबर ओळीत उभा राहिलो. आता तिन्ही मशिदींत जिथं जशी चालते तशी नमाज मला येते, कुणी वळून बघत नाही. शेवटच्या बैठकीत माझ्या उजव्या बाजूला एक खूप म्हातारे गृहस्थ होते. पुटपुटताना त्यांचा आवाज थोडा बाहेर यायचा. ते मुसलमान आईबापाच्या पोटी जन्मलेले, त्यांचे आईबाप जाऊन चाळीस-पन्नास वर्षं झाली असतील, आणि ते त्यांच्यासाठी माफी मागत होते. मी त्यांचं म्हणून होईपर्यंत थांबलो. मग चिठ्ठीतली दुआ आठवून आठवून म्हटली. तिच्यात मागायचं ते माझ्या एकट्यासाठी आहे.